सांबार मागितलं आणि कोथिंबीर आली: डी अँड डीमधून पाथफाइंडरला जाताना आपला क्लास कुठे शोधायचा

"ह्यात वॉरलॉक कुठंय?" हा प्रश्न आमच्या टेबलावर पडला तेव्हा चहाला अजून उकळीपण आली नव्हती. दीड वर्षं चाललेली मोहीम, पाच खेळणारे आणि सहावा मी, दर रविवारी दुपारी तीन ते जमेल तोपर्यंत, आणि आम्ही ठरवलेलं की डी अँड डीची, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या टेबलावर पात्रं घेऊन खेळायच्या खेळाची, पाचवी आवृत्ती आता बास, तीच गोष्ट आणि तीच पात्रं उचलून पाथफाइंडर ह्या तशाच दुसऱ्या खेळाच्या सेकंड एडिशनमध्ये न्यायची. बाकीच्यांनी पुस्तक उघडून आपापला क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, शोधला आणि खूश झाले. फायटर आहे, रोग (आजार नव्हे, चोरटा लढणारा) आहे, विझर्ड आहे. पॅलाडिन ह्या नावाचा क्लास नाही पण चॅम्पियन आहे, आणि सगळे म्हणतात तोच पॅलाडिन. वॉरलॉकवाला मात्र पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळत बसला, मग फोन काढला, कारण पाथफाइंडरचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस ह्या साइटवर अधिकृतपणे फुकट वाचता येतात, तर तिथेही नाही. नाहीचे वॉरलॉक.

गंमत अशी की पुढचा महिनाभर सगळ्यात मजेत तोच खेळला, आणि ज्यांना आपलं नाव पहिल्या मिनिटात सापडलं तेच कुरकुरत होते.

आधी थोडं मुळातून

ज्यांनी हा प्रकार फक्त 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये पोरं तळघरात खेळताना बघितलाय त्यांच्यासाठी: टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे चारपाच जणांनी टेबलाभोवती बसून मिळून रचलेली गोष्ट. एक जण गोष्ट चालवतो, त्याला जीएम म्हणतात, बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात, आणि एखादी गोष्ट जमली की फसली हे फाशावर ठरतं. कुठल्या नियमांनी खेळायचं त्याला सिस्टीम म्हणतात. डी अँड डी ही एक सिस्टीम, पाथफाइंडर दुसरी, आणि अशा शेकडो आहेत.

क्लास म्हणजे तुमच्या पात्राचा पेशा, पण नुसता पेशा नाही, त्या पेशाबरोबर येणारं नियमांचं अख्खं गाठोडं. आपल्याकडे कुणी म्हणालं की मी कीपर आहे तर तो कुठे उभा राहणार, ग्लोव्ह्ज घालणार, बोलिंग टाकणार नाही, हे आपल्याला न सांगता कळतं ना, तसं. फायटर म्हटलं की शस्त्र, विझर्ड म्हटलं की पुस्तक आणि मंत्र.

1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन ह्यांनी डी अँड डी काढला तेव्हा क्लास फक्त तीन होते: लढणारा, जादू करणारा आणि क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर चालणारा. चोर 1975 च्या पुरवणीत आला. पुढे पन्नास वर्षांत त्यांची पोरंबाळं, चुलत, मावस असा केवढातरी गोतावळा झाला.

मग लोक सिस्टीम बदलतातच कशाला

अलीकडे जास्त बदलायला लागलेत, आणि त्याला कारण आहे. 2000 पासून ओपन गेम लायसन्स नावाचा एक परवाना होता ज्याच्या जोरावर इतर कंपन्या डी अँड डीच्या नियमांवर आपली पुस्तकं काढायच्या. जानेवारी 2023 मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट, म्हणजे डी अँड डीची मालक कंपनी, हा परवाना बदलायच्या बेतात आहे असा मसुदा फुटला आणि जगभर बोंब झाली. महिनाअखेर कंपनीने माघार घेतली, पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले, पण तोवर बरेच लोक उठून दुसऱ्याच्या अंगणात गेले होते. पाथफाइंडरवाल्या पायझो कंपनीने तेव्हा सांगितलं की आठ महिने पुरेल एवढा मूळ पुस्तकाचा साठा दोन आठवड्यांत संपला. 2024 मध्ये डी अँड डीचं नवं प्लेयर्स हँडबुक आलं, ते सगळ्यांनाच रुचलं असं नाही, आणि 2025 मध्ये डॅगरहार्ट हा नवा खेळ आला. शिवाय 'बाल्डर्स गेट 3' हा व्हिडिओगेम खेळून 2023 नंतर जी नवी मंडळी आली त्यांना पाचव्या आवृत्तीचे क्लास पाठ, आणि टेबलावर दुसरंच काहीतरी मांडलेलं.

आमचं कारण एवढं थोर नव्हतं. आम्हाला लढाया एकसुरी वाटायला लागल्या होत्या, बस.

नाव तेच आहे की, मग अडचण काय?

नागपूरच्या बाजारात सांबार मागितलं तर कोथिंबिरीची जुडी मिळते. पुण्यात सांबार म्हटलं की इडलीबरोबरची वाटी. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण पुण्याचा माणूस तिकडे जाऊन इडलीवर कोथिंबीर बघत बसला तर चूक बाजाराची नाही. उलटंही आहेच: आपला तहसीलदार गोव्यात मामलतदार होतो, पाटी वेगळी पण तालुक्याचा महसूल सांभाळणारा माणूस तोच.

सिस्टीम बदलताना हे दोन्ही घोळ एकदम होतात, आणि पाथफाइंडरमध्ये जास्तच होतात कारण तो डी अँड डीच्याच घरातून वेगळा निघालेला भाऊ आहे. डी अँड डीची चौथी आवृत्ती 2008 ला आली, ती पुष्कळांना पटली नाही, आणि पायझोने आधीच्या साडेतीन नंबरच्या आवृत्तीवर 2009 मध्ये पाथफाइंडर उभा केला. 2019 ला त्याची दुसरी आवृत्ती आली आणि परवान्याच्या भानगडीनंतर 2023 च्या शेवटापासून तिचीच दुरुस्त केलेली पुस्तकं येतायत. म्हणजे आडनाव आणि घरातली भांडी तीच राहिली, स्वयंपाक मात्र वेगळा झाला.

रेंजर बघा. पाचव्या आवृत्तीत रेंजर झाडपाल्याचे मंत्र टाकतो, ते त्याच्या क्लासचा भागच आहेत. पाथफाइंडरमध्ये रेंजर मुळात मंत्र टाकत नाही, तो एक सावज ठरवतो आणि त्याच्या मागे लागतो, मंत्र हवे असतील तर वेगळे निवडून घ्यावे लागतात. किंवा ड्रुइड, म्हणजे निसर्गाचा जादूगार: पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला (लेव्हल म्हणजे पात्र अनुभवाने चढतं ती पायरी) प्रत्येक ड्रुइड लांडगा होऊ शकतो, इथे ती एक शाखा आहे, ती घेतली तर लांडगा, नाही तर माणूसच.

रोगची तक्रार

आमची रोग पहिल्याच सेशनला वैतागली. तिचा सगळा जीव स्नीक अटॅकमध्ये, म्हणजे शत्रू बेसावध असताना जादा फासे टाकून केलेला वार. पाचव्या आवृत्तीत त्यासाठी काय लागतं, तर आपला एखादा माणूस शत्रूच्या शेजारी उभा असला की झालं. दीड वर्षाच्या सवयीने ती फायटरच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि फासे उचलले. मी म्हटलं थांब, स्नीक अटॅक नाही लागत. "अरे तो शेजारी उभाय की!" शेजारी आहे गं, पण समोरासमोर नाही. पाथफाइंडरमध्ये दोघांनी शत्रूला मधे घेऊन दोन बाजूंनी उभं राहावं लागतं, तेव्हा तो बेसावध धरला जातो. ती म्हणाली म्हणजे एवढ्यासाठी मी ह्या ओगर राक्षसाला वळसा घालून पलीकडे जायचं आणि तो मला मधे ठोकणार. तर हे एक बरं, की पाथफाइंडरमध्ये पुढून निघून गेल्यावर फुकटचा वार करण्याची सोय सगळ्यांकडे नसते, ती फायटरला पहिल्या लेव्हलपासून आणि काही राक्षसांना असते. ओगरला नव्हती. ती गेली, मधे घेतला, तीन अ‍ॅक्शनपैकी एक चालण्यात गेली, उरलेल्या दोनमध्ये दोन वार, आणि दोन्ही लागले.

आता आकडे. सातव्या लेव्हलला पाचव्या आवृत्तीत तिला स्नीक अटॅकचे चार फासे, पाथफाइंडरमध्ये दोनच. कागदावर निम्मं झालं ना? पण पाचव्या आवृत्तीत ते चार फासे एका टर्नला एकदाच मिळतात आणि इथे प्रत्येक वाराला दोन. म्हणजे दोन वार लागले की तेवढेच झाले. ही तुलना कागदावरच्या एका ओळीला दुसरी ओळ लावून कळत नाही, अख्खा टर्न शेजारी ठेवावा लागतो.

तीन अ‍ॅक्शनचं आलंच आहे तर सांगून टाकतो, कारण बाकी सगळं ह्याच्यावर उभं आहे. पाथफाइंडरमध्ये प्रत्येकाला टर्नला तीन अ‍ॅक्शन, चालणं एक, वार एक, ढाल उचलणं एक, बहुतेक मंत्र दोन. तिन्ही वार करायचे तर करा, कुणी अडवत नाही, पण दुसऱ्या वाराला उणे 5 आणि तिसऱ्याला उणे 10, म्हणजे तिसरा वार हा बहुतेकदा हवा ढवळणं असतं.

पॅलाडिन: इथे जरा थांबू

सगळ्यात मोठी फसगत ह्याची झाली. पॅलाडिन म्हणजे देवाला वाहिलेला चिलखतवाला योद्धा, आणि चॅम्पियन म्हणजेही तोच. गोष्टीत तंतोतंत एक. पण टेबलावर?

पाचव्या आवृत्तीतला आमचा पॅलाडिन काय करायचा ते डोळ्यासमोर आणा. दोन वार. लागला की ठरवायचं, आता मंत्राची एक खूण जाळून दिव्य प्रहार करायचा की नाही. खूण म्हणजे स्पेल स्लॉट, दिवसाला मोजून मिळणारं इंधन समजा. आणि 2014 च्या नियमात हे वार लागल्यावर ठरवता येतं म्हणून तो दबा धरून बसायचा, वीस बाजूंच्या फाशावर 20 पडायची वाट बघत. 20 पडला की सगळे फासे दुप्पट: तलवारीचे 2, दुसऱ्या दर्जाच्या स्लॉटचे 3 चे 6, म्हणजे मुठीत आठ आठ-बाजूंचे फासे. ते तो दोन्ही हातांनी हलवायचा, उगाच वेळ लावायचा, सगळं टेबल उभं राहायचं. त्याची रविवारची वसुली तेवढ्यात व्हायची. 2024 च्या पुस्तकाने हे टर्नला एकदाच आणि बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधली एक छोटी जादा कृती) खर्चून असं केलं, तरी मजा तीच.

आता चॅम्पियनचा टर्न. चालला, एक वार केला, ढाल उचलली. संपलं. आठ फासे वगैरे काही नाही, मंत्रांचे स्लॉटच नाहीत त्याच्याकडे. पण मग शत्रूचा टर्न येतो, शत्रू विझर्डला हाणतो, आणि चॅम्पियन पंधरा फुटांच्या आत असेल तर तो मधे पडतो: सातव्या लेव्हलला त्या वारातले 9 पॉइंट सरळ कमी, आणि न्यायाच्या पंथाचा असेल आणि शत्रू हाताच्या टप्प्यात असेल तर वर एक वार फुकट. चॅम्पियनचा खरा खेळ दुसऱ्याच्या टर्नमध्ये होतो. कमालीचा उपयोगी क्लास आहे, आमचा विझर्ड त्याच्यामुळे तीनदा वाचला, पण ज्या माणसाला मुठीत आठ फासे हलवायचेत त्याला तुम्ही "बघ तू 9 पॉइंट वाचवलेस" सांगून काय उपयोग? लग्नात ढोल वाजवणाऱ्याला वाढपी केल्यासारखं झालं ते.

चार सेशन तो गप्प गप्प होता. मग मी त्याला विचारलं की तुला पॅलाडिनमधलं नेमकं काय आवडायचं, देव की दणका? तो हसला. दणका.

दणका असेल तर पाथफाइंडरमध्ये मेगस बघा. मेगस मंत्र तलवारीत भरतो आणि एकाच वारात दोन्ही उतरवतो, त्याला स्पेलस्ट्राइक म्हणतात, दोन अ‍ॅक्शन लागतात आणि नंतर पुन्हा भरायला एक. मोठे मंत्र त्याच्याकडे दिवसाला चारच, त्यामुळे तीच जुनी घालमेल परत येते, आत्ता जाळू की साठवू. गोष्टीत तो अजूनही त्याच देवाचा माणूस आहे, गळ्यात तेच चिन्ह. कागदावर मेगस लिहिलंय म्हणून देवळात कुणी त्याला हाकललं नाही.

आणि ज्याला खरंच मधे पडून दुसऱ्याला वाचवायला आवडत असेल, त्याने चॅम्पियनच घ्यावा, त्याच्यासाठी तो जुन्या पॅलाडिनपेक्षाही सरस आहे.

मग वॉरलॉकचं काय झालं?

त्याला नावच सापडलं नाही, त्यामुळे त्याच्यावर पहिल्याच दिवशी विचार करायची वेळ आली, आणि त्यातच तो वाचला. वॉरलॉक म्हणजे कुठल्यातरी अघोरी ताकदीशी करार केलेला जादूगार. पण लोकांना तो तीन वेगवेगळ्या कारणांनी आवडतो आणि पाथफाइंडरने ती तीन कारणं तीन घरांत वाटलीयेत.

एक, करार. मागे कुणीतरी उभं आहे, त्याला देणं लागतंय, ते कधी वसूल होईल सांगता येत नाही. हे हवं असेल तर विच. तिलाही आश्रयदाता असतो आणि तो एका पाळीव प्राण्यामार्फत तिला मंत्र शिकवतो. पण लक्षात घ्या, विच बुद्धीवर चालते आणि मंत्र सकाळी ठरवून ठेवते, वॉरलॉकसारखी गोडबोली आणि सुटसुटीत नाही ती.

दोन, थोड्या वेळात परत भरणारी ताकद. वॉरलॉकचे स्लॉट अगदी थोडे, सातव्या लेव्हलला दोनच, पण तासभर टेकलं की परत हजर. ह्याच्या जवळ सायकिक येतो: स्लॉट कमी, पण साधे मंत्र फोकस पॉइंट घालून फुगवायचे, आणि दहा मिनिटं शांत बसलं की पॉइंट परत.

तीन, एल्ड्रिच ब्लास्ट, म्हणजे वॉरलॉकचा जादूचा मारा. दिवसभर, न संपणारा, दर टर्नला धाड धाड.

आम्ही त्याच्या जुन्या शीटचा, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदाचा, कोपरा बघितला. तिथे त्याने पेन्सिलीने ब्लास्टचा आकडा इतक्या वेळा खोडून लिहिलेला की कागद फाटला होता. मंत्रांच्या रकान्यात मात्र चहाचा डाग सोडला तर काही हललेलं नव्हतं. म्हणजे उत्तर त्याच्याच हातात होतं. त्याने काइनेटिसिस्ट घेतला, ज्याच्याकडे स्लॉट हा प्रकारच नाही, अंगात मूलतत्त्वांचं एक दार उघडलेलं असतं आणि त्यातून आग, पाणी, वारा जे काय असेल ते दिवसभर फेकत राहायचं. आणि कराराची गोष्ट? ते दार कुणी उघडलं, हा प्रश्न पुस्तक मोकळा सोडतं. आम्ही ठरवलं की ते त्याच्या त्या जुन्या मालकानेच उघडलं आणि किल्ली अजून त्याच्याकडे आहे.

ब्लास्टवाल्या वॉरलॉकऐवजी तुमचा वॉरलॉक हेक्सब्लेड असेल, म्हणजे तलवार घेऊन पुढे जाणारा आणि बोलण्यात गोड, तर थॉमटर्ज बघा म्हणेन मी. जादूगार नाही तो खरं म्हणजे, पण प्रभावी व्यक्तिमत्त्वावर चालतो आणि पोत्यात चित्रविचित्र वस्तू घेऊन फिरतो.

विझर्डचा डबा

विझर्डच्या बाबतीत नाव आणि काम दोन्ही जुळतं, फक्त स्वयंपाकाची पद्धत बदलते. पाचव्या आवृत्तीत विझर्ड सकाळी ठरवतो की आज मला काय काय करता येईल, आणि मग दिवसभर गॅस असेपर्यंत त्यातलं काहीही, कितीही वेळा. पाथफाइंडरचा विझर्ड सकाळी डबा भरून निघतो. दोन कप्प्यांत फायरबॉल भरला तर दोनदा फायरबॉल, आणि उडायचा मंत्र भरला नसेल तर दरीपाशी आल्यावर हळहळायचं. आमच्या विझर्डने पहिल्या दिवशी कुलूप उघडायचा मंत्र भरला आणि अख्ख्या गुहेत एकही दार नव्हतं.

हे ज्याला झेपत नाही त्याने सॉर्सरर घ्यावा, तो डबा भरत नाही. घराण्यावरून त्याची जादू ठरते, इम्पीरियल घराणं घेतलं तर विझर्डचीच मंत्रयादी मिळते. किंवा फ्लेक्सिबल स्पेलकास्टर नावाची एक सोय आहे, थोडे स्लॉट सोडून जुनी पद्धत परत मिळते. आमचा विझर्ड हट्टी, त्याने डबाच ठेवला, आणि आता शनिवारी रात्री मला मेसेज करून विचारतो उद्या दरी आहे का.

"पण आम्ही दुबळे झालो!"

हे प्रत्येक टेबलावर होतं. फायरबॉल 8 फाशांचा होता तो 6 चा झाला, सरासरी 28 वरून 21. मान्य. पण पाथफाइंडरमध्ये लक्ष्यापेक्षा 10 ने जास्त आलं की क्रिट, म्हणजे दुप्पट दणका, आणि 10 ने कमी आलं की दणकून आपटणं, हे सगळ्याच ठिकाणी लागू आहे. फायरबॉलपासून वाचायचा शत्रूचा प्रयत्न दणकून फसला तर डॅमेज दुप्पट.

ह्याच्यामुळेच इथला फायटर ओळखू येत नाही. त्याला पहिल्या लेव्हलपासून शस्त्रावर बहुतेकांपेक्षा 2 जास्त असतात. दोन? हसू येतं ना? पण वीस बाजूंच्या फाशावर 2 म्हणजे शंभरात दहा वेळा जास्त लागणार, आणि वर क्रिटही बहुतेकदा शंभरात दहा वेळा जास्त, कारण 10 च्या रेषेपलीकडेही तो तेवढाच आधी पोचतो. पाचव्या आवृत्तीतला फायटर जास्त वेळा वार करतो, इथला जास्त नेमका करतो. बार्डने गाणं म्हणून सगळ्यांना नुसता 1 वाढवून दिला तर पाथफाइंडरवाले टाळ्या का वाजवतात तेही ह्यातच आलं.

तरीसुद्धा आमचा फायटर दोन सेशन खरंच दुबळा होता, आणि चूक माझी होती. त्याच्याकडे जुन्या खेळातली अधिक 1 ची तलवार, मी तीच नवीन शीटवर अधिक 1 म्हणून उतरवली. पाथफाइंडरमध्ये साधारण चौथ्या लेव्हलला शस्त्रावर स्ट्रायकिंग रून येणं गृहीत असतं, ज्याने शस्त्राचा एक फासा दोनाचा होतो. सातव्या लेव्हलचा माणूस एक फासा घेऊन लढत होता बिचारा, आणि आम्ही क्लासला शिव्या देत होतो. पात्र हलवताना क्लासबरोबर सामानही हलवा. लेव्हल मात्र तीच ठेवली तरी चालते, दोन्हीकडे 1 ते 20 च आहेत.

दोन क्लास मिसळले असतील तर?

पाचव्या आवृत्तीत लेव्हल वाटून घेता येतात, पाच इकडच्या दोन तिकडच्या. पाथफाइंडरमध्ये तसं नाही, एकच मुख्य क्लास आणि दुसऱ्याची फोडणी, तीही दुसऱ्या लेव्हलपासून आपल्या निवडींतली एक खर्चून. त्यामुळे विचारायचं एवढंच की डाळ कुठली आणि फोडणी कुठली. नुसत्या एका युक्तीसाठी दुसऱ्या क्लासच्या दोन लेव्हल घेतल्या असतील, आणि खरं सांगा बहुतेकांनी तेवढ्यासाठीच घेतलेल्या असतात, तर ती युक्ती इथे आहे का तेवढं बघा, नसेल तर सोडून द्या.

जुळणारं काहीच नाही. घरी क्लास बनवू का?

मोठमोठ्यांनी बनवलेत. क्रिटिकल रोल हा जो गाजलेला कार्यक्रम, त्यातली पहिली मोहीम घरी पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत चालायची, आणि 2015 मध्ये स्ट्रीम सुरू करताना त्यांनी ती पाचव्या आवृत्तीत आणली. त्यात पर्सी नावाचा बंदूकवाला. पाथफाइंडरमध्ये गनस्लिंगर हा क्लास होता, पाचव्या आवृत्तीत बंदूकवाला क्लासच नाही. जीएम मॅथ्यू मर्सरने फायटरखाली एक गनस्लिंगर शाखा स्वतः रचली आणि नंतर लोकांसाठी प्रसिद्धही केली. बघण्यासारखं हे की त्याने अख्खा क्लास नाही रचला, असलेल्या फायटरवर बंदूक टांगली.

उलट बाजूचं उदाहरण वॉरलॉर्डचं. चौथ्या आवृत्तीत हा होता, स्वतः कमी मारायचा आणि दुसऱ्यांना वार करायला लावायचा. पाचव्या आवृत्तीत गायब, त्याचे तुकडे बॅटल मास्टर फायटरमध्ये सापडतात. लोक वर्षानुवर्षं हळहळले, आणि 2025 मध्ये पाथफाइंडरमध्ये कमांडर आला तेव्हा अनेकांना वाटलं आपला हरवलेला माणूस परत आला. चौथ्या आवृत्तीला लोक नावं ठेवतात, मीही ठेवलीत, पण तिने एक फार प्रामाणिक गोष्ट केलेली: प्रत्येक क्लासवर सरळ छापलेलं असायचं की हा अडवणारा, हा ठोकणारा, हा साथ देणारा, हा मैदान ताब्यात ठेवणारा. दुसऱ्या कुठल्याही सिस्टीममध्ये आपला क्लास शोधताना ते चार शब्द अजून कामाला येतात.

माझं मत विचाराल तर आधी चारपाच सेशन तयार क्लास घेऊन खेळा, मग रचा. पाथफाइंडरचे आकडे एवढे ताणून बसवलेत की बाहेरून आणलेला एक 2 सुद्धा खटकतो.

क्लासच कमी असतील, किंवा नसतीलच?

डॅगरहार्टमध्ये मूळ पुस्तकात नऊ क्लास, त्यात पॅलाडिन नाही आणि क्लेरिकही नाही, दोघंही बऱ्यापैकी सेराफमध्ये मावतात. शॅडोडार्कमध्ये मुळात चारच: फायटर, प्रीस्ट, थीफ, विझर्ड, म्हणजे जवळजवळ 1975 ला परत. तिथे जुळवाजुळव फार नसते, जवळचं घ्यायचं आणि उरलेलं वागण्यातून दाखवायचं. कॉल ऑफ कथुलू तर 1981 पासून क्लासशिवायच चालतो, तिथे पात्राला व्यवसाय असतो, डॉक्टर, पत्रकार, प्राध्यापक, आणि कौशल्यांचे टक्के. वीस राक्षस कापलेल्या आपल्या बार्बेरियनला तिथे नेऊ नका. तो पहिल्याच रात्री मरेल किंवा वेडा होईल, आणि त्या खेळाचं म्हणणंच ते आहे.

सरळ नवीन पात्र का नाही बनवायचं?

बनवा की. खेळणारा तयार असेल तर सगळ्यात सोपं तेच, आणि बाराव्या लेव्हलचं पात्र अनोळखी सिस्टीममध्ये एकदम चालवायचं म्हणजे गाडी शिकायला थेट खंबाटकी घाटात. आता परत करायचं झालं तर मी आधी पहिल्या लेव्हलचा एक रविवार खेळवेन, फालतू पात्रं घेऊन, मेली तरी चालतील अशी, आणि मगच मोहीम हलवेन. पण दीड वर्षाच्या पात्रावर माणसाचा जीव असतो, त्याला "सोड ते" म्हणणं सोपं नसतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

येत्या रविवारी नाशिकचा एक मित्र आमच्या टेबलावर येतोय, त्याचा आर्टिफिसर घेऊन, म्हणजे यंत्रं बनवणारा जादूगार, ज्याच्याबरोबर पायांवर चालणारी एक छोटी तोफ असते. त्याला मी नेहमीचा प्रश्न विचारला, तोफ की जादू, आणि तो म्हणाला तोफ, तिचं नाव पण ठेवलंय. म्हणजे इन्व्हेंटर, त्यात स्वतः बनवलेला यांत्रिक सोबती घेता येतो. फक्त इन्व्हेंटरला आपलं यंत्र जास्त ताणायचं असेल तर ओव्हरड्राइव्हचा रोल करावा लागतो, आणि तो दणकून फसला तर लेव्हलएवढं आगीचं डॅमेज स्वतःलाच बसतं. हे अजून त्याला सांगितलेलं नाहीये.